मास्क आधी, विचार नंतर: उंचावर ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा

शिरपूरला व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी प्रशिक्षण घेणाऱ्या, मूळच्या धडगाव भागातील एका विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारले आहेत. उंचावर ऑक्सिजन कमी पडू लागल्याची जी लक्षणे पुस्तकात दिलेली असतात, त्यांतले पहिले कोणते आणि ते वेळेत कसे ओळखावे, हा पहिला प्रश्न. प्रशिक्षणाची लहान विमाने तेवढ्या उंचीवर जातच नाहीत, मग हा अभ्यास आताच कशाला, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते म्हणतात, तर हा त्रास जमिनीलगतही होऊ शकतो का, हा दुसरा. तिसरा प्रश्न घरचा आहे. त्याच्या मावशीला सिकलसेलचा आजार असून तिला उपचारासाठी विमानाने दिल्लीला न्यायचे आहे. मी हवाई दलात आणि पुढे प्रवासी विमानांवर वैमानिक होतो, आता धुळ्यात राहून मुलांना हा विषय शिकवतो. त्या आधारावर उत्तर देत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे निराश करणारे आहे. बहुतेकांच्या बाबतीत पहिले लक्षण हे, की आपले सगळे उत्तम चालले आहे अशी खात्री वाटू लागते. डोकेदुखी, मळमळ, निळसर पडलेली नखे, ही पुस्तकातली यादी खोटी नाही. पण ती दुसऱ्याने पाहण्याची यादी आहे. ऑक्सिजन कमी पडू लागला की मेंदूचे जे काम सर्वांत आधी बिघडते, ते म्हणजे स्वतःची पारख करण्याचे. ज्याने चूक पकडायची तोच आधी झोपी जातो. म्हणून ‘मला वेळेत कळेल’ या भरवशावर कोणी उड्डाण करू नये. ओळखण्याचे काम जमिनीवर असतानाच आकड्यांकडे, उपकरणांकडे आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे सोपवून ठेवावे लागते, आणि शंका आल्यावर काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे लागते. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण धुळ्यात जेवढे, तेवढेच ३५,००० फुटांवर असते, म्हणजे सुमारे २१ टक्के. कमी होतो तो दाब. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत टाकी काठोकाठ भरलेली असते, तरी दाब पडला की ठिबकच्या शेवटच्या नळीला थेंब सुटत नाही. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलला जाण्याचे गणित असेच आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर एवढा असतो. १८,००० फुटांवर तो निम्मा होतो आणि ३४,००० फुटांच्या आसपास पाव उरतो. त्यात शरीराच्या उष्णतेमुळे फुप्फुसातील पाण्याच्या वाफेचा ४७ मिलिमीटर दाब कोणत्याही उंचीवर तसाच राहतो, म्हणजे हवेच्या घटत्या दाबातून ही वजावट ठरलेलीच. त्यामुळे आत घेतलेल्या हवेतील ऑक्सिजनचा वाटा समुद्रसपाटीला सुमारे १५० मिलिमीटर, १८,००० फुटांवर सुमारे ७०, आणि ३४,००० फुटांवर जेमतेम ३० एवढा भरतो.

मग माणूस गुदमरत का नाही, असा प्रश्न येथे यायला हवा, आणि विद्यार्थी तो फार क्वचित विचारतात. गुदमरल्याची जी तडफड आपल्याला ठाऊक आहे, ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, ऑक्सिजन कमी झाल्याने नव्हे. विरळ हवेत श्वास मोकळा चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जात असतो, त्यामुळे शरीराची ती घंटा वाजतच नाही. २०२० आणि २०२१ साली घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले, तेव्हा आपल्याकडील अनेकांनी हे स्वतः पाहिले आहे: आकडा ८५ दाखवत असताना रुग्ण खाटेवर बसून गप्पा मारत असे आणि दवाखान्यात चला म्हटले की रागावत असे. कारण आजाराचे असो वा उंचीचे, कमी ऑक्सिजनवर चालणाऱ्या मेंदूला आपण कमी ऑक्सिजनवर आहोत हे सांगता येत नाही.

हे पटण्यासाठी वाचण्यापेक्षा एकदा पाहणे बरे. बंगळुरूला भारतीय हवाई दलाची विमान वैद्यकशास्त्राची संस्था १९५७ पासून आहे. तेथे कमी दाबाची बंद खोली असते. माणसे खुर्च्यांवर बसतात, सुरुवातीला बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेऊन रक्तातील नायट्रोजन कमी केला जातो, मग खोलीतील हवा उपसून २५,००० फुटांवरचा दाब आणला जातो आणि आळीपाळीने मास्क काढायला सांगतात. मास्क लावलेला एक निरीक्षक समोर उभा असतो. मांडीवर फळी, तिच्यावर कागद, आणि काम अगदी सोपे: हजारातून सात-सात वजा करत जायचे. माझ्या शेजारच्या अधिकाऱ्याने १०००, ९९३, ९८६, ९७९, ९७२ असे झरझर लिहिले. त्यानंतर पुन्हा ९७२. पुन्हा ९७२. अक्षर मोठे होत गेले, ओळ उजवीकडे खाली उतरू लागली, पेन्सिल कागदाच्या कडेवरून फळीवर गेली तरी हात लिहीतच राहिला. निरीक्षक म्हणाला, ‘मास्क लावा.’ त्याने हसून मान डोलावली आणि लिहिणे चालू ठेवले. दुसऱ्यांदा सांगितल्यावर पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी निरीक्षकानेच मास्क त्याच्या तोंडावर दाबून धरला. चार-पाच श्वासांनंतर त्याने वर पाहिले आणि मास्क एवढ्या लवकर का लावला म्हणून हुज्जत घातली. मास्क लावण्याची सूचना त्याने ऐकली होती, समजून मानही डोलावली होती. पण ऐकणे आणि हात उचलणे यांतला दुवा तुटला होता. १८७५ सालच्या एप्रिलमध्ये ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच संशोधक ८,००० मीटरच्या वर गेले, तेव्हा ऑक्सिजनच्या पिशव्या सोबत असूनही दोघे दगावले आणि गास्तों तिसाँदिए हा एकटा वाचला. हाताशी ऑक्सिजन असणे आणि तो घेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून माहीत आहे.

अशा खोलीतील सरावाचा खरा फायदा म्हणजे प्रत्येकाला स्वतःची खूण सापडते. एकाला गरमी वाटते, दुसऱ्याला नजरेच्या कडा काळवंडल्यासारख्या दिसतात, कोणी उगाच बडबड करतो तर कोणी गप्प होतो. माझ्या बाबतीत कानांच्या पाळ्या तापतात आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. ही खूण त्या माणसापुरती बरीचशी कायम राहते, मात्र वयाबरोबर ती बदलूही शकते, म्हणून सराव काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो. दृष्टीचे मात्र सर्वांच्या बाबतीत सारखे आहे: डोळ्याचा पडदा ऑक्सिजनचा फार भुकेला असल्याने रात्रीची नजर सुमारे ५,००० फुटांपासूनच थोडी मंदावते. अंधुक प्रकाशात रंगीत तक्ता पाहत असताना ऑक्सिजन सुरू केला की रंग एकदम उजळतात, आणि ते मघापासून फिके झाले होते हे तेव्हा कुठे कळते.

ज्यांना अशा खोलीत बसण्याची संधी नाही, त्यांनी सोबत्याची भाषा ऐकायला शिकावे. जीभ जड होणे, शब्दांमध्ये लांब विराम पडणे, नियंत्रकाने दिलेला आकडा दोनदा चुकीचा परत सांगणे, सोप्या प्रश्नाला असंबद्ध उत्तर देणे, एकाच बटणाशी खेळत बसणे, या खुणा नखांच्या निळेपणाच्या बऱ्याच आधी दिसतात. २००८ साली अमेरिकेत लिअरजेट या छोट्या जेट विमानाच्या वैमानिकाचा आवाज रेडिओवर असाच ओढल्यासारखा येऊ लागला, मागे धोक्याचा गजर वाजत होता, आणि क्लीव्हलँडच्या नियंत्रण केंद्रातील माणसांनी तो ऑक्सिजनचा प्रश्न असल्याचे जमिनीवर बसून ओळखले. त्यांनी विमानाला ११,००० फुटांवर उतरण्याची सूचना पुन्हा पुन्हा दिली. खाली येताच आवाज स्वच्छ झाला आणि विमान सुखरूप उतरले. विमानातील कोणाला जे कळत नव्हते, ते आवाजावरून शेकडो मैलांवरच्या माणसाला कळले.

आता वेळेचा हिशेब. ऑक्सिजन तुटल्यापासून माणूस शहाणपणाने काही कृती करू शकेल, एवढाच काळ यात मोजतात. बेशुद्ध पडण्याची वेळ नव्हे. निरोगी आणि शांत बसलेल्या माणसाला १८,००० फुटांवर २० ते ३० मिनिटे मिळतात, २५,००० वर ३ ते ५ मिनिटे, ३०,००० वर १ ते २ मिनिटे, ३५,००० वर ३० ते ६० सेकंद आणि ४०,००० वर १५ ते २० सेकंद. विमानाच्या केबिनमध्ये यंत्रणेने राखलेला दाब एकाएकी गेला तर हे आकडे साधारण निम्मे धरावेत, कारण तेव्हा फुप्फुसातील हवा झटक्यात बाहेर ओढली जाते आणि तेवढ्या उंचीवर ऑक्सिजन रक्तातून उलटा फुप्फुसात येऊ लागतो. म्हणूनच श्वास रोखून धरण्याचा काही उपयोग नाही, उलट फुप्फुसाला इजा होण्याचा धोका असतो. धूम्रपान, पंडुरोग, आदल्या रात्रीचे मद्य, थंडी, थकवा आणि हालचाल, यांपैकी प्रत्येक गोष्ट हा वेळ कमी करते. प्रवासी विमानात स्वतःचा मास्क आधी लावून मग मुलाचा लावा, असे जे सांगतात, त्यामागे हेच आकडे आहेत: ३५,००० फुटांवर मुलाच्या मास्कची दोरी सोडवण्यात अर्धे मिनिट गेले तर दोघांनाही मास्क लावणारा कोणी उरत नाही, आई-वडिलांनी आपला लावून घेतला तर मूल काही सेकंद निपचित पडले तरी ते त्याला सावरू शकतात.

एकाएकी दाब गेला की मोठा आवाज होतो, धुके पसरते, धूळ उडते, आणि काय झाले ते सगळ्यांना कळते. मला जास्त भीती हळूहळू जाणाऱ्या दाबाची वाटते. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस एअरवेजच्या बोइंग ७३७ विमानात १२१ माणसे होती. आदल्या रात्रीच्या तपासणीनंतर केबिनचा दाब आपोआप राखायचा की हाताने, हे ठरवणारा खटका हाताने चालवण्याच्या स्थितीत राहून गेला होता आणि उड्डाणापूर्वीच्या व नंतरच्या तपासण्यांमध्येही तो कोणाच्या लक्षात आला नाही. विमान १२,००० फूट ओलांडत असताना गजर वाजला. त्या विमानात तोच आवाज जमिनीवर ‘उड्डाणासाठी मांडणी चुकली आहे’ याचा आणि हवेत ‘केबिनचा दाब घसरला आहे’ याचा असे. वैमानिकांनी त्याचा पहिला अर्थ लावला, शीतकरण यंत्रणेविषयी जमिनीवरील अभियंत्याशी बोलत राहिले, आणि विमान मात्र स्वयंचलित यंत्रणेवर ३४,००० फुटांकडे चढत गेले. प्रत्येक मिनिटाला त्यांची विचारशक्ती कमी होत होती आणि कोडे तेवढेच राहत होते. लढाऊ विमाने शेजारी आली तेव्हा सहवैमानिक आसनावर निश्चल पडलेला दिसला. इंधन संपल्यावर विमान ग्रामातिकोजवळच्या डोंगरावर कोसळले. कोणीही वाचले नाही.

आपल्याकडे २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात इंजिनातून केबिनला हवा देणारा खटका चालू करायचा राहिला, केबिनचा दाब राखला गेला नाही, मास्क खाली पडले आणि विमान मुंबईला सुखरूप परत आणले गेले. त्या वेळी काही प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आल्याच्या बातम्यांमुळे एक गैरसमज पसरला, तो येथेच दूर करतो. नाका-कानातील रक्त हे दाबाच्या बदलाने होणाऱ्या इजेचे लक्षण आहे. ऑक्सिजनच्या कमतरतेत तसे काही होत नाही. रक्त नाही म्हणजे धोका नाही असे समजणे म्हणूनच घातक ठरेल.

दोन्ही प्रसंगांतून शिकायचे ते खटके आणि आकडे. चढताना ठरावीक अंतराने, मी १०,००० फुटांवर आणि त्यानंतर दर ५,००० फुटांना सांगतो, केबिनची उंची, म्हणजे आतला दाब बाहेरच्या ज्या उंचीवरील दाबाएवढा आहे ती उंची, दाखवणाऱ्या काट्याकडे पाहावे आणि तो आकडा मोठ्याने बोलावा. प्रवासी विमानात तो समुद्रसपाटीपासून ८,००० फुटांच्या आत राहायला हवा. सुमारे १०,००० वर गजर होतो आणि सुमारे १४,००० वर प्रवाशांचे मास्क आपोआप पडतात. हवेत कोणताही अनोळखी गजर वाजला की त्याचा अर्थ शोधण्यापूर्वी मास्क लावावा. मास्क चुकून लावला तर गेले काय? थोडा ऑक्सिजन आणि थोडी चेष्टा. न लावण्याची किंमत वर सांगितली आहे.

कृतीचा क्रम असा. दोन्ही वैमानिकांनी मास्क लावायचे आणि मास्कचा ऑक्सिजन-नियामक १०० टक्क्यांवर, म्हणजे शुद्ध ऑक्सिजनवर ठेवायचा. झटपट लावण्याचा मास्क एका हाताने पाच सेकंदांत चढला पाहिजे आणि याचा सराव खुर्चीत बसून डोळे मिटून करावा. मग मास्कमधील ध्वनिक्षेपक चालू करून एकमेकांशी बोलून खात्री करायची. हे टाळले तर दोघे समोरासमोर बसून मुके होतात. त्यानंतर दाबाची यंत्रणा हाताने सावरते का ते पाहायचे आणि सावरत नसेल तर उतरायला सुरुवात करायची: इंजिनांची शक्ती कमी, वेगरोधक पंख वर, विमानाच्या रचनेला इजा झाल्याचा संशय असेल तर वेग आवरता. रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर संकटाचा संकेतांक ७७००, नियंत्रकाला ‘मे डे’ ही संकटाची हाक आणि कोठल्या उंचीपर्यंत उतरत आहात ते स्पष्ट सांगणे. लक्ष्य १०,००० फूट किंवा तेथील डोंगरांवरची किमान सुरक्षित उंची, यांपैकी जी जास्त असेल ती. प्रवाशांच्या डोक्यावरची रासायनिक ऑक्सिजन यंत्रे बहुतेक विमानांत साधारण १२ मिनिटे चालतात. मास्क स्वतःकडे ओढल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, आणि पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, हे प्रवाशांनी लक्षात ठेवावे.

‘जी जास्त असेल ती’ हे शब्द आपल्या भागात उडताना फारसे जाणवत नाहीत. सातपुड्यातले अस्तंभा शिखर सुमारे १,३२५ मीटर आहे, तिकडे बागलाणात साल्हेर १,५६७ मीटर, म्हणजे दोन्ही साधारण सव्वापाच हजार फुटांच्या आत. खानदेशावरून जाणारे विमान निश्चिंतपणे १०,००० फुटांवर उतरू शकते. दिल्लीहून लेहला जाताना परिस्थिती अगदी उलट असते. लेहचा विमानतळच साडेदहा हजार फुटांच्या वर आहे आणि वाटेतली शिखरे २०,००० फुटांपर्यंत आणि त्याहून वर जातात. तेथे सरळ खाली उतरता येत नाही. कोणत्या बिंदूवरून कोणत्या दरीच्या दिशेने वळून, किती मिनिटांत, कोणत्या टप्प्यांनी उतरायचे याचे मार्ग आधी आखलेले असतात आणि ऑक्सिजनचा साठा त्या वेळेला पुरेल एवढा ठेवावा लागतो. पुढे तुम्ही प्रवासी विमानांवर गेलात, तर हा नकाशा उड्डाणाच्या आधीच डोळ्यांसमोर असू द्या. चढत्या डोकेदुखीत तो शोधायचा नसतो.

ऑक्सिजन सुरू झाल्यावर बहुतेक माणसे चार-सहा श्वासांत सावरतात. काहींना मात्र सुरुवातीला अर्धे-एक मिनिट जास्तच गरगरते. अशा वेळी ‘मास्कनेच बिघडले’ असे समजून तो काढून टाकण्याचा मोह होतो. तो काढू नये. दुसरा घोळ जलद श्वासाचा. घाबरून भराभर श्वास घेतला तरी मुंग्या, हलके डोके, अस्वस्थता हीच लक्षणे येतात, आणि दोन्हींतला फरक विमानात बसून करता येत नाही. १०,००० फुटांच्या वर असाल तर ऑक्सिजनचीच कमतरता धरून चालावे, मास्क लावावा आणि मग मुद्दाम सावकाश, मोठ्याने आकडे मोजत श्वास घ्यावा; म्हणजे कारण कोणतेही असले तरी उपाय झालेला असतो.

दुसरा प्रश्न. सेसना १७२ हे प्रशिक्षणाचे लहान विमान साधारण १४,००० फुटांपर्यंतच चढू शकते आणि शिरपूर, धुळे किंवा जळगावच्या परिसरातील सरावात तुम्ही त्याच्या निम्म्या उंचीवरही क्वचितच जाल, हे खरे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार केबिनची उंची १०,००० ते १३,००० फुटांच्या दरम्यान ३० मिनिटांहून अधिक राहणार असेल तर चालक दलाला ऑक्सिजन हवा, आणि त्यावर गेल्यास पूर्ण वेळ सर्वांना हवा. हा नियम कोरडा आहे पण चांगला आहे, कारण तो तुमच्या जाणिवेवर काहीही सोडत नाही.

तरीही लहान विमानातल्या एका धोक्याला उंची लागतच नाही, आणि तुमच्या वयाच्या वैमानिकाला पहिल्यांदा तोच गाठण्याची शक्यता जास्त आहे. पिस्टन इंजिनाच्या बऱ्याच विमानांत केबिन तापवणारी हवा इंजिनाच्या धुराड्याच्या तापलेल्या नळीभोवतून घेतलेली असते. त्या नळीला तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, पहाटेच्या उड्डाणाला हीटर लावला जातो, आणि उतरल्यावर विद्यार्थी म्हणतो की आज डोके जड आहे, झोप झाली नाही वाटते. हीटर चालू असताना डोके दुखले तर झोपेला दोष देण्याआधी हीटर बंद करा, बाहेरच्या हवेच्या झडपा पूर्ण उघडा, शक्य असल्यास ऑक्सिजन घ्या, जवळच्या धावपट्टीवर उतरा आणि विमान तपासल्याशिवाय पुन्हा उडवू देऊ नका. येथे बोटावरचा ऑक्सिमीटर दगा देतो: साध्या उपकरणाला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि तो निवांत ९८ दाखवतो. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा गजर देणारे वेगळे छोटे यंत्र मिळते. ते माझ्या मते हेडसेटइतकेच आवश्यक आहे. बिडी-सिगारेटचेही गणित हेच. ओढणाऱ्याच्या रक्तातले काही हिमोग्लोबिन आधीच अडकलेले असते, त्यामुळे विमान जमिनीवर असतानाच त्याचे शरीर काही हजार फूट चढून बसलेले असते.

उन्हाळ्याविषयी थोडक्यात. जळगावच्या धावपट्टीची उंची सुमारे ८४० फूट आहे. ४५ अंशांच्या उन्हात तेथील हवेची घनता साडेचार हजार फुटांवरच्या हवेइतकी होते. विमानाला ते लगेच जाणवते: धाव लांबते, चढण मंदावते. पण रक्तात ऑक्सिजन जातो तो दाबावर, आणि उन्हाने दाब तेवढा उतरत नाही. पंख आणि इंजिन घनतेचे गिऱ्हाईक, फुप्फुस दाबाचे. तेव्हा मे महिन्यात दुपारी धावपट्टीवर गरगरले तर ते ऊन आणि शरीरातले पाणी कमी होणे यांमुळे असेल; ऑक्सिजनचा दोष शोधू नका, पाणी प्या आणि सावलीत बसा.

मावशीचा प्रश्न मला तिन्हींत महत्त्वाचा वाटतो, कारण नंदुरबार-धुळे-जळगावच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत असूनही विमानप्रवासाच्या संदर्भात त्याचा विचार होत नाही. या आजारात ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदनांचा झटका येतो. प्रवासी विमानातील हवा ८,००० फुटांच्या हिशेबाने धरली तर ती जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेसारखी असते. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. सिकलसेलच्या बहुतेक रुग्णांनाही दिल्लीपर्यंतचा प्रवास निभतो, पण ते त्यांच्या त्या वेळच्या प्रकृतीवर अवलंबून असते. नुकताच झटका येऊन गेला असेल, ताप असेल, हिमोग्लोबिन फार खाली असेल किंवा छातीचा त्रास असेल, तर प्रवास पुढे ढकलावा. एरवीही तिच्या डॉक्टरांना विमानाचा बेत सांगून प्रवासात ऑक्सिजन लागेल का हे स्पष्ट विचारावे. लागणार असेल तर विमान कंपनीचा वैद्यकीय माहितीचा अर्ज काही दिवस आधी भरावा लागतो. स्वतःचा सिलिंडर घेऊन चढता येईल असे गृहीत धरू नका. विमानात तिने अंगावर शाल घ्यावी, पाणी वरचेवर प्यावे, मधूनमधून पाय हलवावेत. हात-पाय, पाठ किंवा छातीत दुखू लागले तर सोसत बसू नये, लगेच विमानातील कर्मचाऱ्यांना सांगावे म्हणजे ऑक्सिजन देता येतो. तिला हिंदी बोलायला अवघड जात असेल, तर आजाराचे नाव आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातात द्या.

आणि तुम्ही स्वतः. मावशीला आजार आहे म्हणजे तुमच्या आईकडच्या घराण्यात तो आहे. तुमची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. केवळ वाहक असलेल्या माणसाला रोजच्या आयुष्यात किंवा प्रवासी विमानात सहसा काही होत नाही, पण दाब नसलेल्या केबिनमधून जास्त उंचीवर गेल्यावर अशा व्यक्तींच्या प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. अहवाल आल्यावर तो वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीत स्वतःहून दाखवा, आणि १०,००० फुटांच्या वर जाताना डाव्या बरगडीखाली दुखले तर ते पोटातल्या वायूचे समजू नका. खाली उतरा आणि दवाखाना गाठा.